चाक आणि खूर : जावळीच्या वाटांवर सायकल

इतिहासाच्या तासाला काही शब्द इतक्या वेळा कानांवर पडतात की त्यांचा अर्थ विचारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. 'दुर्गम' हा त्यांपैकीच एक. जावळीचे खोरे दुर्गम होते म्हणून चंद्रराव मोरे निर्धास्त होते. दुर्गम होते म्हणूनच शिवाजी महाराजांना ते हवे होते. आणि दुर्गम होते म्हणूनच अफजलखानाची फौज तेथे अडकली. तिन्ही वाक्ये उत्तरपत्रिकेत चालतात, त्यांना गुणही मिळतात. पण दुर्गम म्हणजे किती दुर्गम? कोणाला दुर्गम? माणसाला, घोड्याला, की तोफेच्या गाड्याला? गेल्या दोन हिवाळ्यांत मी व माझे तीन मित्र वाई, पाचगणी, महाबळेश्वर, पार आणि प्रतापगड हा मुलूख माउंटन बाईकवरून फिरलो, आणि या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला मांड्यांच्या स्नायूंतून मिळाले. ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत येथे मांडतो.

आधी वाहनाविषयी. आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर जाड टायरच्या, एकवीस गिअरच्या बऱ्याच सायकली उभ्या असतात. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात सर्वांत मोठा डोंगर पाहिला तो रेल्वेच्या पुलाचा! या सायकलींचे मूळ मात्र खरोखरच डोंगरात आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगणा आहे. तेथील काही हौशी तरुण १९७० च्या दशकात १९३० च्या सुमारास बनलेल्या जुन्या, फुगीर टायरच्या सायकली भंगारातून शोधून काढीत आणि वणव्याच्या वेळी बंब नेण्यासाठी डोंगरात कोरलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशा एका उतारावर घड्याळ लावून शर्यत घेतली. उतार सुमारे साडेतीन किलोमीटरांचा, आणि तेवढ्यात उंची घटे ती चारशे मीटर. या सायकलींना पायडल उलटे मारून लावावयाचा ब्रेक असे. तो मागच्या हबमध्ये बसविलेला. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे जो ब्रीझ याने १९७७ साली अशा कामासाठी खास सांगाडा तयार केला, १९७९ साली गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेले सांगाडे घेऊन 'माउंटनबाइक्स' याच नावाने धंदा सुरू केला, १९८१ साली 'स्टम्पजंपर' ही सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत, ही मजल काही वाईट नव्हे.

या सायकलीत असे आहे तरी काय? मुख्य गोष्ट गिअर. आपल्या आजोबांच्या काळ्या, अठ्ठावीस इंची सायकलीला समजा पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते आहेत. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे फार छान. आता वीसात एक चढ घ्या. म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. एका फेऱ्यात तुम्ही स्वतःला व सायकलला मिळून सत्तावीस सेंटिमीटर वर उचलता. घराच्या जिन्याची पायरी साधारणपणे सतरा-अठरा सेंटिमीटरांची असते. म्हणजे वीस किलोची सायकल काखोटीस मारून दर फेऱ्याला दीड पायरी चढण्यासारखेच हे काम झाले. उलट माउंटन बाईकच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे २२ आणि मागे ३४ दाते असले, तर सव्वीस इंची चाक पाऊण फेराही फिरत नाही. सायकल सव्वा मीटराहून जराशी पुढे सरकते आणि आपण वर चढतो ते अवघे सहा-सात सेंटिमीटर. काम तेवढेच, हप्ते अधिक. सावकाराचे व्याज फेडावे तसे हे हळूहळू फेडावयाचे.

टायरचेही असेच शास्त्र आहे. दुकानात हवा भरताना 'टणक भरा' असे सांगण्याची आपल्याला सवय असते. कच्च्या रस्त्यावर टणक चाक प्रत्येक खड्यावर उडते, आणि उडालेले चाक जमिनीला धरून राहत नाही. जाड टायरमध्ये तीसेक पौंडच हवा ठेवली तर तो खड्याला आपल्यात सामावून घेतो आणि पुढे जातो. ब्रेकच्या बाबतीत नवख्याची समजूत नेमकी उलटी असते. पुढचा ब्रेक लावला की आपण तोंडावर आपटणार, म्हणून तो फक्त मागचा ब्रेक दाबतो. पण उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे खरी पकड तेथेच असते. अंग मागे न्यावे, गुडघे व कोपरे सैल सोडावे आणि पुढचा ब्रेक हलक्या बोटांनी चालवावा. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरणे थांबते, घसरत जाते आणि जमिनीवर नांगरासारखे तास ओढते. या तासाची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आमची वाटचाल वाईपासून सुरू होई. वाई म्हणजे कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना विशेष आदराचे असे विश्वकोशाचे गाव. येथून मेणवलीकडे शेतांच्या कडेने सायकल काढली की सकाळच्या उन्हात नाना फडणविसांच्या वाड्याशी आणि त्यामागच्या नदीघाटाशी पोहोचता येते. घाटावरील छोट्या मंदिरात पोर्तुगीज घडणीची एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण मानली जाते. वसईच्या किनाऱ्यावरून ती अवजड घंटा सह्याद्री ओलांडून येथवर आणणारांनी ती कशी आणली असेल, हा विचार मला प्रथम या घाटावर सुचला आणि मग तो पाठच सोडीना.

कारण सह्याद्रीच्या घाटवाटांवर तेव्हा चाक जवळजवळ नव्हतेच. कोकणातून देशावर मीठ, तांदूळ, कापड जे काही चढे ते बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांबरोबर, नाहीतर माणसांच्या डोक्यावरून. मुंबई-पुण्याच्या बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. महाबळेश्वरची जी नवी वस्ती वसली तिला 'माल्कमपेठ' हे नाव मिळाले ते याच गृहस्थाचे. चाक आणि थंड हवा, दोन्ही या बाजूस साहेबाबरोबर आली असे म्हणावयास हरकत नाही.

चाकाला कसला रस्ता लागतो हे पसरणीच्या घाटात कळते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणी सुमारे १२९० मीटर. मध्ये रस्ता बारा-एक किलोमीटरांचा. भागाकार करून पाहा, वीसात एक! हा आकडा योगायोगाने आलेला नाही. हजार किलोची भरलेली बैलगाडी वीसात एक चढावर ओढावयाची तर सपाटीवरच्या ओढीत पन्नास किलोंची भर पडते. बैलजोडीला ते झेपते. तोच चढ पाचात एक केला की भर दोनशे किलोंची होते आणि बैल बसकण मारतात. म्हणून गाडीरस्ता डोंगराला वळसे घालीत, वेळ काढीत, लाडीगोडीने वर जातो. त्या घाटात हलका गिअर लावून पायडल मारताना माझ्या लक्षात आले की सायकल आणि बैलगाडी या सख्ख्या बहिणी आहेत. सर्वांत हलक्या गिअरमध्ये हा घाट संपविण्यास नऊ हजार फेरे लागतील. मी मोजले नाहीत, नुसता हिशेब केला. पण थकवा हिशेबाला धरून होता.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना मोटारींच्या गर्दीचा रस्ता टाळण्याजोगा आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र थांबावे असे पुष्कळ आहे. सह्याद्री काळ्या कातळाचा खरा, पण येथे त्याच्या डोक्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने मूळ खडक कुजत-झिजत हा लाल, सच्छिद्र दगड तयार झाला. त्याचा मुरूम सुकला की बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखा चाकाखाली घरंगळतो. वळणावर सायकल एकाएकी बाजूला सरकते, ती यामुळे. त्याच दगडावर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे बारमाही हिरवे पण बुटके, वाऱ्याने पिळलेले रान उभे आहे. भर दुपारी या रानात शिरले की डोळ्यांना काही क्षण काही दिसतच नाही. उन्हाचे कवडसे आणि सावल्या यांच्या पट्ट्यांत मूळ कोणते आणि सावली कोणती हे ओळखण्यास शिकावे लागते, कारण चाकाला दोन्ही सारखीच दिसत नाहीत! वरून एखादे शेकरू ओरडत उडी घेते. कारवीची झुडपे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात, ती आम्हाला फुललेली मिळाली नाहीत. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम मानले आहेत. त्यांतली कोयना पश्चिमेच्या कड्याखाली दक्षिणेकडे वाहत जाते. जावळीचे खोरे ते हेच.

या खोऱ्यात उतरण्याचे दोन मार्ग. एक आंबेनळी घाटाचा, ज्याला साहेबाच्या काळी फिट्झजेराल्ड घाट म्हणत. हा चाकाचा मार्ग. दुसरा रडतोंडीचा, तो खुराचा आणि पायाचा. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, आणि लगोलग भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहू लागला. १६५९ साली अफजलखान वाईस तळ देऊन होता. तेथून तो या रडतोंडीने पारला उतरला, आणि १० नोव्हेंबरला गडाखाली काय घडले ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

पारपर्यंत आम्ही डांबरी रस्त्यानेच आलो. मग गावातल्या एका माहीतगार मामांना बरोबर घेतले, तीन सायकली गावात ठेवल्या आणि एकच सायकल घेऊन त्या जुन्या वाटेचा खालचा तुकडा चढून पाहिला. पहिली शंभर-दीडशे पावले गिअरच्या जोरावर सायकल चालली. मग चढ पाचात एक, चारात एक असा होत गेला. तेथे गिअर कितीही हलका करा, पुढचे चाकच जमीन सोडून आकाशाकडे पाहू लागते. दगडगोट्यांत पायडल अडकते. शेवटी सायकल खांद्यावर! मामा बराच वेळ हे पाहत मागून येत होते. ते म्हणाले, "पोरांनो, ही गाडी तुम्हांला नेते का तुम्ही हिला नेता, एवढं एकदा ठरवा." आम्ही दम खात हसलो. पण मामांच्या या वाक्यात 'दुर्गम' शब्दाची सगळी फोड होती.

कारण हीच वाट मामा काठी टेकीत, न धापता चढत होते. खुराच्या आणि पायाच्या जातीला हा चढ दुर्गम नाहीच. खूर दगडामागे दगड निवडतो, एकेक पाऊल स्वतंत्र टाकतो. त्याला सलग रस्ता लागत नाही. चाकाला मात्र तसूतसू जमीन लागते. दरडीत एक हात खंड पडला तरी चाक थांबले. ज्याची फौज हत्ती, उंट, तोफा आणि भरलेल्या सामानावर उभी आहे, त्याला येथे एकामागे एक अशा रांगेत यावे लागणार; पुढच्याला मागच्याची खबर नाही, दोन्ही अंगांस झाडी, आणि पडला तर परतीची वाट तीच, चढाची. ज्याची फौज पायउतार मावळ्यांची, पाठीवर शिधा बांधून चालणारी, त्याला हाच मुलूख मोकळे अंगण. मला वाटते, आपण 'दुर्गम' हा शब्द जमिनीचा गुण म्हणून शिकतो ते चुकीचे आहे. जमीन आणि तिच्यावरून जाणारा, या दोघांमधले ते नाते आहे. दीड हजार फुटांहून अधिक असलेली ही उतरण नकाशात बोटभर दिसते. तिचा अर्थ बैलगाडीला एक, बैलाला दुसरा.

पारजवळ कोयनेवर एक दगडी पूल आहे. तो शिवकालीन म्हणून ओळखला जातो आणि अजून वापरात आहे. जवळच श्रीरामवरदायिनीचे देऊळ आहे. पुलाच्या कठड्याशी बसून गड पाहताना आमच्यात जो वाद झाला तो अद्याप मिटलेला नाही, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

वाद असा. माउंटन बाईक हे खुराच्या वाटेवर जाऊ पाहणारे बहुधा पहिलेच चाक. मग त्याने तेथे जावे का? मरीन परगण्यातच १९८० च्या दशकात डोंगरातील पाऊलवाटा सायकलींना बंद करण्यात आल्या. पायी फिरणारांच्या तक्रारी होत्या, घोडेस्वारांच्या होत्या. अशा बंदीला उत्तर म्हणून १९८८ साली कॅलिफोर्नियातील सायकलमंडळांनी आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना स्थापिली, आणि वाटा बांधण्याचे व राखण्याचे शास्त्रच पुढे आणले. त्यांचा एक आडाखा मला फार आवडला : वाटेचा चढ हा त्या डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक असू नये. तो निम्म्याहून अधिक झाला की पावसाचे पाणी वाट ओलांडून पलीकडे न जाता वाटेनेच खाली धावू लागते. एकदा पाण्याला वाट सापडली की ती वाट राहत नाही, ओहोळ होतो. म्हणून वाट दरीच्या अंगास किंचित कलती ठेवावी, मध्ये मध्ये तिला हलकीशी उलटी चढण द्यावी, म्हणजे पाणी तेथे बाहेर पडते.

माझा मित्र सायकलची बाजू हिरिरीने मांडतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यात केलेली एक पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. तीत घोड्यांच्या खुरांनी आणि चालणारांच्या पायांनीही चाकांपेक्षा अधिक माती सुटते असे आढळले, हे तो ठासून सांगतो. ते खरे आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी ज्याने घोड्यांखालची जमीन पाहिली आहे तो हे सहज मान्य करील. पण माझे म्हणणे निराळे आहे. खूर माती उकरतो तो ठिपक्याठिपक्यांनी. चाक ओढते ती सलग रेघ. शिवाय घाबरलेल्या नवख्याने मागचे चाक अडकवून घसरत नेले की तो मघाशी सांगितलेला तास पडतो. जेथे पाऊस बेताचा, तेथे ही रेघ वाऱ्याने बुजेल. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर तेथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा पक्का बांधलेला रस्ता तुटून वाहून गेला, आणि खाली महाड-पोलादपुराकडे दरडी कोसळून कितीतरी माणसे गेली. जेथे डांबराची ही गत, तेथे बोटभर खोल रेघेचे पुढच्या चार पावसाळ्यांत काय होईल? रडतोंडीची वाट कोणत्याही संग्रहालयात नाही. तिच्यावर पाटी नाही, तिकीट नाही. प्रतापगडाचा बुरूज ढासळला तर वर्तमानपत्रात बातमी येईल. ही वाट ओहोळात गेली तर मामांखेरीज कोणाला कळणारही नाही.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. नाणेघाटासारख्या वाटेवर दगड बसवून पायऱ्या केल्या, त्या बैलाचा खूर टिकावा म्हणून, तशाच पाण्याचा जोर प्रत्येक पायरीवर मोडावा म्हणूनही. चाकाला नेमक्या याच पायऱ्या नको असतात.

तेव्हा आमच्यापुरता आम्ही एक तह केला आहे. खेड्यांना जोडणारे बैलगाडीचे आणि कच्चे रस्ते, शेतांचे बांध, मुरमाचे माळ येथे सायकल मनसोक्त चालवावी. वाईच्या आसपास आणि कोयनेच्या काठाने अशा रस्त्यांना तोटा नाही. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. हा सगळा टापू २००१ पासून परिसंवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. जुन्या घाटवाटेवर सायकल न्यावयाचीच तर खांद्यावर न्यावी, आणि ओल्या जमिनीवर तर मुळीच नाही. मित्राला शेवटचे कलम मान्य आहे, त्याच्या आधीचे नाही. कोरड्या दिवसांत हलक्या हाताने उतरणाराला का अडवावे, असे तो विचारतो, आणि त्याच्या हाताचा हलकेपणा मी पाहिलेला असल्यामुळे मला चटकन उत्तर देता येत नाही.

ज्यांना जाण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी एवढेच : नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दोन जादा ट्यूब, पंप आणि चेन जोडण्याचे हत्यार बरोबर असू द्यावे, कारण वाई सोडल्यावर सायकलचे दुकान शोधत बसावे लागते. जाड टायरला काट्याचे भय कमी, पण बाभळीच्या काट्याला गिअर कळत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर रानाच्या कडेने गवे बाहेर पडतात. अशा वेळी घंटी न वाजविता उतरून उभे राहावे आणि त्यांना सावकाश जाऊ द्यावे. पारहून प्रतापगडाचा पायथा फार दूर नाही, पण तो चढ दिवसाच्या शेवटी येतो. त्यासाठी एक भाकरी राखून ठेवावी.